चौथ्या कोपऱ्याची खुंटी

ठिकाण : पोलीस ठाणे, फुजैरा. शनिवार, दि. १० फेब्रुवारी २००१, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे.

नाव आत्माराम गोविंद मेस्त्री, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सर्व्हेअर. शिक्षण सातवी, सर्व्हेचे काम, इंग्रजी आणि ड्रॉइंग वाचणे स्वतः शिकलो. राहणार अल मनखूल, बर दुबई. मूळ गाव तालुका कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग.

मी कोणी बोलावले नसताना आपण होऊन ठाण्यात हजर झालो असून जे सांगतो ते असे की, मला अरबी येत नाही. ठाण्यातील दुभाषे याकूब परकार हे मूळचे दापोलीचे आहेत. मी मराठीत सांगतो, ते तसेच उतरवून घेत आहेत आणि मागाहून अरबीत करणार आहेत.

आमचा कबड्डीचा संघ १९९५ सालापासून आहे. खेळाडू सर्व साइटवर काम करणारे, बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकडचे. थंडीच्या दिवसांत दर दुसऱ्या शुक्रवारी आम्ही गाडी करून बाहेर जातो. शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, फुजैरा, जिथे समोर संघ मिळेल तिथे. आठवडाभर जो तो आपापल्या कॅम्पात असतो, त्यामुळे शुक्रवार चुकवायला कोणी तयार नसतो. मैदान आखणे आणि पंचाचे काम माझ्याकडे आहे. आजवर ७४ सामने झाले. सर्व वहीत लिहिलेले आहेत.

काल शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आम्ही चौदा जण निघालो. गाडी चालवणारा तय्यब याने मसाफीला जुम्म्याच्या नमाजासाठी गाडी थांबवली. तेथे आम्ही डबे खाल्ले. २ वाजून ३५ मिनिटांनी फुजैराला पोचलो. समोर बंदरावर काम करणाऱ्यांचा संघ होता, बहुतेक पाकिस्तानी. त्यांची कबड्डी गोल मैदानाची असते, पण आमच्या पद्धतीने खेळायला ते तयार झाले होते.

मैदान मी आखले. साडेबारा मीटर बाय दहा मीटर. इकडे वाऱ्यामुळे चुन्याची फक्की टिकत नाही, म्हणून मी पांढरी दोरी ताणतो आणि ती खुंट्यांना बांधतो. खुंट्या साइटवरच्या उरलेल्या सळईच्या आहेत, १२ मिलिमीटर जाडीच्या, लांबी ३० सेंटिमीटर. चार कोपऱ्यांना चार, मधल्या रेषेला दोन. त्या जमिनीत पूर्ण ठोकायच्या, डोके वर ठेवायचे नाही, हा माझाच नियम आहे. दोन्ही कर्ण मोजून पाहिले. दोन्ही १६ मीटर ८ मिलिमीटर भरले.

चौथ्या कोपऱ्याची खुंटी, म्हणजे समुद्राकडची डावी, पूर्ण गेली नाही. खाली दगड लागला. साडेतीन सेंटिमीटर वर राहिली. ती काढून हातभर बाजूला ठोकता आली असती, पण मग कर्ण चुकला असता. मी ती तशीच ठेवली आणि पायाने वाळू ओढून झाकली.

धनंजय बाळकृष्ण शिगवण, वय २९, सळ्या बांधणारा, राहणार अल कूज लेबर कॅम्प, मूळ तालुका खेड, हा तेव्हा शेजारी होता. तो म्हणाला, "अण्णा, ही वर राहिली." मी म्हणालो, "तू तुझा खेळ बघ." दुसऱ्या कोणी हे ऐकले नाही.

असरच्या नमाजानंतर ४ वाजून १० मिनिटांनी सामना सुरू झाला. बंदराच्या संघातला जहूर हा चढाईला चांगला आहे. तो धनंजयला म्हणाला, "दुबईवाले, एसी में सो सोके ढीले हो गए हो." धनंजय म्हणाला, "तू आ तो सही, आज घर नहीं जाने दूँगा." याला काही लोकांनी काल धमकी म्हटले. असे बोलणे प्रत्येक सामन्यात होते. बोलले नाही तर मी विचारतो, बरे नाही का.

दुसऱ्या डावात, ४ वाजून ४७ मिनिटांनी, जहूर चढाईला आला. धनंजय डाव्या कोपऱ्यात होता. त्याने खाली बसून जहूरचा घोटा धरला. बाकीचे चौघे अंगावर आले आणि सर्व जण कोपऱ्याच्या बाजूला पडले. जहूर ओरडला. बाजूला झाले तेव्हा त्याच्या उजव्या मांडीतून रक्त येत होते. आमचा किसन कदम याने आपला सदरा फाडून बांधला. तय्यबने त्याला आमच्याच गाडीतून इस्पितळात नेले.

गाडी परत येईपर्यंत मी मैदान काढले. दोरी गुंडाळली, खुंट्या उपटल्या आणि पिशवीत भरल्या. चौथी खुंटी मी पाण्याने धुतली. साहित्य साफ करून ठेवायची मला सवय आहे. पण काल धुताना एवढेच मनात होते, असे मी लिहून देऊ शकत नाही.

डॉक्टरांनी जखम टोकदार लोखंडाची आहे असे कळवल्यावर पोलीस आले. त्यांनी पिशव्या तपासल्या. धनंजयच्या पिशवीत सळ्या बांधायचा हूक मिळाला. तो प्रत्येक सळीवाल्याजवळ असतो. त्यावरून त्याला ताब्यात घेतले. माझ्या पिशवीतल्या खुंट्या पोलिसांनी पाहिल्या, पण त्या मैदानाच्या सामानापैकी आहेत म्हणून मला परत दिल्या. मला विचारले, तेव्हा मी "कुछ नहीं देखा" म्हणालो. मी पाहिले नव्हते हे खरे. पण मला माहीत होते.

परतीच्या गाडीत किसनने डोकी मोजली. तो दरवेळी मोजून "यल्ला, चला, पूर्ण" म्हणतो. काल तेरा भरले आणि त्याने दार ओढून घेतले.

आज सकाळी मी कामावर गेलो नाही. एकोणीस वर्षांत बिनकळवलेली ही पहिली सुट्टी. शेअर टॅक्सीने ८ वाजून ४० मिनिटांनी मैदानावर आलो. चौथ्या खुंटीचे भोक जागेवर आहे. वाळूतला रक्ताचा डाग त्या भोकाला लागूनच आहे, अंतर नाही. मी तिथे चार दगड ठेवून आलो आहे, कोणाला पाहायचे असल्यास.

तिथून इस्पितळात गेलो. जहूर शुद्धीवर आहे, बसून चहा पीत होता. मी त्याला खुंटीचे सांगितले. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "उस्ताद, सात टाँके लगे हैं, सात पॉइंट लिख दो." मी सांगितले की त्याचा पाय अगोदर रेषेबाहेर गेला होता, पॉइंट मिळणार नाही. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, लड़के ने तो सिर्फ पैर पकड़ा था, पुलिस आए तो मैं बोलूँगा. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत चालेल.

ठाण्यात आल्यावर याकूबभाईंकडून समजले की धनंजयने रात्रीच्या चौकशीत खुंटीचा शब्द काढला नाही. हुकाने केले नाही, एवढेच तो सांगत राहिला.

सहाही खुंट्या मी ठाण्यात जमा करत आहे. चौथीच्या डोक्यावर हातोड्याची तिरपी खूण आहे, त्यावरून ओळखतो. धनंजयचा यात दोष नाही. त्याने नियमाप्रमाणे पकड केली आणि ती चांगली पकड होती.

अधिकारी साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारले की, हे लिहून दिल्यावर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, कळते का. मी सांगितले, कळते. याकूबभाई मला हळूच म्हणाले, "आत्मारामभाऊ, वाळूनं झाकल्याचं गाळू का? तेवढ्यानं काही अडत नाही." मी म्हणालो, लिहा. मग धनंजयला कधी सोडणार असे विचारले. साहेब म्हणाले, इन्शाल्ला आजच, हा जबाब अरबीत होऊन वर गेला की.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला, मी तो कान देऊन ऐकला, आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मैदानाची दिशा आणि मधल्या रेषेची दोन मापे त्यात यायची राहिली आहेत. ती घालायची तर पान पुन्हा लिहावे लागेल आणि वेळ जाईल. ती राहू द्यावीत. जबाब आहे तसाच ठेवून मी सही करत आहे.

(सही) आत्माराम गोविंद मेस्त्री
समक्ष : याकूब परकार, दुभाषी
वेळ : दुपारी १२ वाजता