सासूबाई घसरल्या नव्हत्या

जबाब देणार : राधा अनंता टपके, वय ५१ वर्षे, धंदा मासळीविक्री, शिक्षण तिसरी, राहणार वेसावे कोळीवाडा, अंधेरी पश्चिम, मुंबई.

आज पोलीस ठाण्यात आपणहून येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी, नवरा अनंता, मुलगा दिपेश वय २६ आणि मुलगी हेमांगी वय २२ असे राहतो. सासू सोनूबाई आमच्यातच होत्या. मागच्या महिन्यात त्या वारल्या. इथे त्याची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद आहे. ती नोंद चुकीची आहे.

त्या सोमवारी दुपारी बाजारातून येऊन मी मागच्या दारी टोपल्या धूत होते. सासू पुढच्या ओट्यावर सोडे निवडत बसल्या होत्या. दिपेश आला. त्यांचं बोलणं मला मागे ऐकू येत होतं. तो कामाला जात नाही, मोबाईलवर जुगार खेळतो. त्याने आजीकडे हातातली सोन्याची पाटली मागितली. म्हणाला, "गहाण ठेवतो गं, लगेच सोडवतो ना." सासू म्हणाल्या, "बापाच्या होडीचं इंजिन पण असंच सोडवणार होतास. ही हेमांगीच्या लग्नाची आहे. सरक, उजेड अडवू नको."

मग सासू ओरडल्या म्हणून मी पुढे आले. दिपेशने त्यांचा हात गुडघ्यांत दाबून धरला होता आणि पाटली ओढत होता. पाटली निघाली. सासूंनी त्याचा शर्ट धरला. त्याने दोन्ही हातांनी धक्का दिला. त्यांचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. तो पळाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दवाखान्यात हवालदार आले. "मावशी, काय झालं?" सासू म्हणाल्या, "पाय घसरला. पाटली मीच दिली नातवाला, हौसेने." ती पाटली माझ्या लग्नापासून साबण लावूनसुद्धा निघाली नव्हती. मनगट सोलून निघालं होतं, त्याला पट्टी होती. हवालदारांनी पट्टीचं विचारलं नाही. मी शेजारीच उभी होते, मी पण बोलले नाही. गुरुवारी सासू गेल्या.

नवरा म्हणाला, "राधे, म्हातारीने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. जास्त शहाणी होऊ नको. आई गेली माझी, आता पोरगा पण घालवतेस?" म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या हातातली पाटली दवाखान्यात कापून काढली होती, ती हेमांगीकडे आहे. काल दिपेश तिला म्हणाला, "दुसरी कुठे ठेवलीस गं?" ती म्हणाली, "आजीला विचार जा." त्याने तिचा हात ओढून तसाच गुडघ्यांत दाबला. मी कोयत्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला, तेव्हा सोडलं. मारलं ते पण लिहा.

जबाब लिहून घेणाऱ्या मॅडमनी मला समजावलं की नुसतं उचललं तर चोरी. घेताना मारलं, ढकललं तर जबरी चोरी. त्यात माणूस गेलं तर सदोष मनुष्यवध की खून, ते करणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर ठरतं. मी विचारलं, मनातलं कोण बघणार? म्हणाल्या, कोर्ट. तर असं लिहा की पाटली त्याने हिसकावली आणि धक्का त्यानेच दिला. मारायला दिला असं मला वाटत नाही, शर्ट सोडवायला दिला. मी आई आहे म्हणून असं वाटतं की मी पाहिलं म्हणून, ते मला सांगता येत नाही. पण दोन्ही लिहा. एक ठेवून दुसरं गाळायचं नाही. लहानपणी तो आजीच्या हातचंच जेवायचा, हे सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही. म्हणून ते सोडलं.

दिपेश आता घरी आहे. झोपला असेल. दाराला कडी नाही.

वरचा मजकूर मॅडमनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. कोणी जबरदस्ती केली नाही.

वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, अटक झाल्यावर आरोपीच्या कुठल्या नातेवाइकाला कळवायचं? मी माझंच नाव लिहायला सांगितलं.

सही : राधा अनंता टपके