सूनबाईंचा पहिला पेशंट

दातांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. शेजारी मायलेक कुजबुजत होते.

"आई, तुझी सून नोंदणीकृत संमोहनतज्ज्ञ झाली खरी, पण पेशंट हा पहिलाच. त्यात पैलवान, सुईला घाबरणारा! त्याची दाढ निघाली, तरच डॉक्टर हिला इथं खोली देणार."

"देतील रे! सरावाला बसली की तुझे बाबा घोरायला लागायचे."

"ते एरवीही घोरतात."

"आणि मी बोलायची थांबायचे, ते?"

"तो मात्र चमत्कारच!"

इतक्यात गालात कापूस धरून पैलवान हसत बाहेर आला.

"निघाली दाढ! सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. बाईंच्या जिभेवर साखर आहे हो!"

"मग आमची ही कुठंय?" मुलानं विचारलं.

"डॉक्टरांना उठवताहेत."