मशीन खाली, नर्सबाई वर

टेलरबाई : थांबवलं मशीन. आता बोला मावशी. त्या खुर्चीवर नका बसू, टाचण्या आहेत.

मावशी : उभीच बरी आहे. मालकांचं पत्र आलंय तुझ्या नावाचं. तेवढं द्यायचं होतं.

टेलरबाई : परगावाहून आलं?

मावशी : ते तिकडेच असतात ना.

टेलरबाई : पाकीट नाही?

मावशी : पाकीट... खाली राहिलं.

टेलरबाई : बघू. 'आपल्या शिलाई मशीनच्या आवाजामुळे खालच्या घरातील भाडेकरूंच्या झोपेत व्यत्यय येत असल्याने आपण महिनाअखेर घर रिकामे करावे.' दोन्हीकडे समास सोडलाय. एक खाडाखोड नाही. टाइप फार स्वच्छ आहे हो.

मावशी : मालकांना स्वच्छ लागतं.

टेलरबाई : तुम्हीही कचेरीत टायपिस्टच होतात ना? तीस वर्षं?

मावशी : एकतीस.

टेलरबाई : मावशी, तो नळाचा पाइप गळत होता, आठवतंय? प्लंबरने विचारलं, भिंत कुठून फोडू? तुम्ही म्हणालात, इथून फोडा. कुणाला फोन नाही, काही नाही.

मावशी : पाणी वाहत होतं गं. विचारत कुठे बसणार?

टेलरबाई : बरोबर. पण पहिला हातोडा पडला आणि तुम्ही गाल धरलात. जशी काही तुमचीच दाढ काढतायत. दुसऱ्याच्या भिंतीसाठी कुणाचा गाल दुखत नाही.

(मावशींचा हात पुन्हा गालाकडे जातो.)

टेलरबाई : पाणी देऊ?

मावशी : दे. आणखी कुणाकुणाला कळलंय?

टेलरबाई : मलाच. खालच्या नर्सबाई तेव्हा गावाला गेल्या होत्या, त्यांनी प्लंबर पाहिलाच नाही. आणि समोरचे मास्तर स्वतःच्या चपलांशिवाय कुठे बघत नाहीत.

मावशी : माझा धाकटा भाऊ म्हणाला, मालकीण आहेस म्हणून सांगू नकोस, डोक्यावर बसतील. देखरेखीला ठेवलंय म्हण. काही अडलं की 'मालकांना विचारते' म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं.

टेलरबाई : त्यांची किती घरं आहेत भाड्याने दिलेली?

मावशी : एकही नाही. तो स्वतःच भाड्याने राहतो.

टेलरबाई : म्हणजे अनुभवाचं बोलले.

मावशी : मी तरी काय वेगळी? सगळा जन्म भाड्याच्या खोलीत गेला. मालक जिन्यात दिसले की मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. खिळा ठोकायचा तर अर्ज. फंडाचे पैसे आले, ही चार घरं घेतली. आता जिन्यात मला बघून कुणी भिंतीला चिकटायला लागलं, तर मला नाही गं सोसायचं.

टेलरबाई : म्हणून पत्र टाइप करायचं. पत्र बघून कुणी भिंतीला चिकटत नाही.

मावशी : मग करू काय? नर्सबाई तुझ्या आधीपासून राहतात. रात्रपाळी करून येतात, दोन वाजेपर्यंत झोप हवी. म्हणाल्या, मशीन जाईल नाहीतर मी जाईन. तुला जागा देताना मी नळ बघितले, खिडक्या बघितल्या. मशीनच्या बरोबर खाली कुणाचा पलंग येतो, ते काही बघितलं नाही.

टेलरबाई : माझे अठ्ठावन्न युनिफॉर्म शाळा उघडायच्या आत द्यायचेत. इथे यायच्या आधी नऊ घरं पाहिली मी. मशीन म्हटलं की दार बंद. महिनाअखेर मी जाऊ कुठे?

मावशी : रबर टाकलंस का खाली?

टेलरबाई : दोनदा. रबरासकट सरकतं. मघाशी कपाटापर्यंत जाऊन आलं. ते जाऊ दे, एक सुचवू? नर्सबाई वर येतील आणि मी खाली जाईन. त्यांच्या डोक्यावर नुसतं छप्पर. माझ्या गिऱ्हाइकांचेही गुडघे वाचतील.

मावशी : मालकांना विचारावं लागेल.

टेलरबाई : विचारा की. मी थांबते.

(मावशी खिडकीबाहेर बघत राहतात. टेलरबाई तेवढ्यात एक बटण लावून घेतात.)

टेलरबाई : काय म्हणतायत?

मावशी : चालेल म्हणतायत. पण खालच्या घराची मधली भिंत माझ्या खोलीला लागून आहे, असंही म्हणतायत.

टेलरबाई : हं. मग तुम्ही झोपता कधी?

मावशी : दुपारी, तासभर. तेवढी एकच सवय लावून घेतलीय निवृत्तीनंतर.

नर्सबाई : दार उघडंच आहे, आत येते. काय झालं इथे?

टेलरबाई : काही नाही. मशीन तर बंद आहे.

नर्सबाई : म्हणूनच जाग आली. आमच्या वॉर्डात मशीन बंद पडलं की धावावं लागतं. चालू असलं की झोप येत नाही, बंद झालं की दचकून उठते. मावशी, तुमच्या त्या मालकांना एकदा माझ्या पलंगावर आणून झोपवा.

टेलरबाई : त्यांनीच उपाय काढलाय. तुम्ही वर, मी खाली.

नर्सबाई : मी वर? डोक्यावर कुणीच नाही?

टेलरबाई : कबुतरं आहेत.

नर्सबाई : ती शिवत नाहीत ना? चालेल मला. पण लेखी हवं. परवा पत्र आलं, 'मालक विचार करीत आहेत.' खाली सही 'मालक'. असल्या कागदावर मी पलंग हलवणार नाही. सही हवी, नावासकट.

टेलरबाई : मावशी, मास्तरांकडून कोरा कागद आणू?

मावशी : नको. ह्याच पत्राच्या मागे लिहिते. पेन दे.

टेलरबाई : खडू आहे.

नर्सबाई : घ्या, माझ्या खिशात आहे पेन.

मावशी : 'दोन्ही भाडेकरूंनी येत्या रविवारी आपसात घरे बदलावीत. शिलाईचे मशीन खालच्या घरात चालवण्यास हरकत नाही.' तारीख. ही सही. हे नाव.

नर्सबाई : हे तर तुमच्या दारावरच्या पाटीवरचं नाव.

मावशी : हो.

नर्सबाई : टेलरबाई, तुम्हाला माहीत होतं?

टेलरबाई : मी काय, मी मापं घेते. माणूस कुठे आखडतो ते दिसतं.

नर्सबाई : म्हणजे सोमवारी जिन्यात मालकांच्या नावाने मी जे काही बोलले...

मावशी : ते अर्धंच राहिलं. तुमची ड्युटीची वेळ झाली होती. आता सांगा उरलेलं, मी बसते.