पहिल्या आठवड्याचा धडा

बीडहून वडवणीला निघालेल्या यष्टीत सुंदरबाईच्या पुढच्या बाकावर दोन मास्तर ऑनलाइन वर्गाचे धडे आठवड्यावार लावत बसले होते.

“बालविवाहबंदीचा धडा शेवटच्या आठवड्यात कावून?”

“पुस्तकात शेवटीच हाय की, सर.”

“गेल्या साली तसंच केलं. मोबाईलवर तो धडा आला तवर नववीच्या पोरी लगीन होऊन नवऱ्यासंगं ऊस तोडायला गेलत्या.”

“मग पयल्याच आठवड्यात घेऊ. सोमवारी पाठवतो.”

थोरले मास्तर मागं वळले. “मावशी, तुमची पोरगी हाय का शाळंत?”

“हाय. नववीत.”

“सोमवारी मोबाईल द्या तिच्या हातात.”

सुंदरबाईनं मांडीवरची हिरव्या चुड्याची पिशवी सावरली.

“सोमवारी तिच्या हाताला मेंदी लागायची हाय, सर.”