हां, हललो मी

हललो! हां मॅडम, हललो मी! राष्ट्रगीत चालू व्हतं आन मी हललो, आता काय फाशी देता का? म्हने माफी लिहून द्या! दुसरीतून शाळा सोडलेला मानूस मी, सही करताना कागद फाटतो, मी माफी लिहू? आन का हललो ते कोन लिहिनार... तुम्ही?

तुम्हा सगळ्या गाववाल्यांना सांगतो, आग सगळी या अंजली मॅडमनं लावली. माझी नात योगिनी, पहिलीला हे. मॅडमनं वर्गात सांगितलं, राष्ट्रगीत लागलं की हालायचं नाय, बावन्न शेकंद, जो आपल्या देशाचा तो हालत नाय. झालं! पोरीनं ते असं धरलं का इचारू नका. टीव्हीवर मॅच, गीत सुरू, हिची आजी कुसाबाई चुलीपाशी, तर ही वरडती, "आजी, हालू नको!" तव्यावर भाकर हे का नाय? म्हातारी नातीच्या धाकानं उभी, भाकरीचा कोळसा! शेळीनं कान हलवला तर म्हने, "आप्पा, शेळी आपल्या देशाची नाय." मी चेष्टेनं म्हनलं, "मंग तिचं दूध पिऊ नको." तर खरंच सोडलं हो! आठ दिस कोरा चहा पिली पोरगी!

मंग मीच शब्द दिला, "योगे, सव्वीस जानेवारीला येतो शाळेत, बघ कसा खांबावानी उभा राहतो."

गेलो. टोपीला इस्त्री करून गेलो! नांदगावहून पाहुने येनार, टाइम आठचा. पोरं सातपासून थंडीत कुडकुडतायत. पाहुने आले दहाला! उतरले, केसावरून हात फिरवला, दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, गीत सुरू. मी ताठ. पोरगी ताठ, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्यावर नजर. तिच्या नाकावर माशी बसली... बसू दिली! आन त्याच टायमाला पाहुन्याचा फोन वाजला. वाटलं, कापतील. उचलला! "हां बोल रे संतोष... कार्यक्रमात हे, पन तू बोल ना!" आन झेंड्याखाली फेऱ्या मारतोय! पन्नास पोरं पुतळ्यावानी उभी, आन हा बाबा फेऱ्या मारतोय!

डोकंच गेलं माझं. तरातरा गेलो, फोन हिसकला, वरडलो, "हालायचं नाय! बावन्न शेकंद निघत नाय व्हय तुझ्याच्यानं?"

...आन गीत चालूच व्हतं हो.

पाहुन्याला शाल, नारळ, चहा. मला माफीनामा! मॅडम म्हनतात, "खंडेराव काका, त्यांचा फोन अर्जंट होता." आन माझा राग काय फुरसतीचा व्हता?

पन ते मरू द्या. पोरीच्या डोळ्यातनं पानी चाललेलं, पुसलं नाय तिनं. पुसलं तर हात हालंल ना! घरी आली, पाटीवर आपल्या देशाच्या मानसांची यादी केलेली, त्यातलं माझं नाव थुंकी लावून पुसलं. गेलो मी शेळीच्या रांगेत! तेबी चाललं असतं. पन परवा जेवताना इचारती कशी, "आप्पा, मोठं झालं की हाललं तरी चालतं ना?"

काय सांगू? नाय म्हनावं तर तिनं डोळ्यानं बघितलंय, हां म्हनावं तर संपलंच सगळं. मी पान्याचा तांब्या तोंडाला लावला. ती समजली.

आज सकाळी शाळेच्या कुंपनाआडून बघितलं. गीत सुरू झालं. नाकावर माशी बसली.

हाकलली तिनं.

ते काय नाय. पंधरा ऑगस्टला तुम्ही सगळ्यांनी शाळेत यायचं. फोन घरी ठेवायचा, आन तिच्यासमोर बावन्न शेकंद उभं राहायचं. माझं सोडा, माझं नाव पुसलंय, मी शेळी धरून कुंपनाभाईर थांबतो.

तुम्ही या. आन हालू नका.