भरोसपूरचा नियम चौदा

खैरनार: बाई, मी पंचायत समितीतून आलोय. विस्तार अधिकारी आहे. आणि मी उभा आहे, तुम्ही बसलाय.

मंदाबाई: देखी राह्यनू ना साहेब. एकच खुर्ची शे.

खैरनार: तेच म्हणतोय मी.

मंदाबाई: अर्ज कोनी करा? मी करा. मग खुर्ची मनी. अर्ज करनारा बठस, साहेब उभा राहस. नियम चार.

खैरनार: हे बघा, तुमच्या नियमांपायीच मी एरंडोलहून भर उन्हात सायकल दामटत आलोय. मंदाबाई जीवराम महाजन तुम्हीच ना? हा अर्ज तुमचाच?

मंदाबाई: सही देखा. अंगठा नही शे तो.

खैरनार: बघितली. चांगली ठसठशीत आहे. आता मी वाचतो, ऐका. 'आमच्या गावी बाळंतपणाची खोली बांधून तीन वर्षे झाली. तिला कुलूप आहे. नियम चौदाप्रमाणे, लोकांसाठी बांधलेली इमारत आठ दिवसांपेक्षा जास्त कुलपात ठेवता येत नाही. माझी मुलगी सुपडी हिचे दिवस भरत आले आहेत. तरी कुलूप काढावे. आठ दिवसांत उत्तर द्यावे.' बरोबर?

मंदाबाई: एक शब्द इकडना तिकडे नही.

खैरनार: तर मला फक्त एवढंच सांगा, हा नियम चौदा कुठल्या पुस्तकातला? आमच्याकडे दोन दिवस सगळ्यांनी कपाटं उपसली. मोठे कारकून म्हणाले, मुंबईहून नवं परिपत्रक निघालं असेल, आपल्यापर्यंत पोचलं नसेल. ते ऐकून मोठ्या साहेबांना घामच फुटला. खेड्यातल्या बाईला नियम ठाऊक आणि आपल्याला नाही म्हणजे काय! म्हणाले, खैरनार, निघा.

मंदाबाई: मग सापडना का?

खैरनार: नाही ना!

मंदाबाई: कसा सापडी? तो भरोसपूरना शे.

खैरनार: भरोसपूर? हे कुठं आलं? चोपडा तालुक्यात?

मंदाबाई: लताबाई, ओ लताबाई! पाटी राहू द्या, आठे या. साहेबले भरोसपूर कोठे शे ते सांगा. मी सांगसू ते हासतीन.

लताबाई: नमस्कार साहेब. मी इथला बायकांचा साक्षरता वर्ग घेते. दुपारी, या कुलूपबंद खोलीच्या ओट्यावर. गावात पक्की सावली एवढीच आहे, म्हणून. साहेब, चूक माझी आहे. मंदाबाईंना काही बोलू नका. भरोसपूर कुठंच नाही.

खैरनार: कुठंच नाही म्हणजे?

लताबाई: आम्ही मानलेलं शहर आहे ते. वर्गासाठी पुस्तक आलं होतं, 'कमळ बघ, मगर पकड.' वर्गातल्या ताईबाई म्हणाल्या, मगर पकडून करू काय? चौथ्या दिवशी वर्गात मी आणि फळा, दोघंच. मग मी म्हटलं, अर्ज लिहायला शिकवते. पण खऱ्या कचेरीचं नाव काढलं की बायांच्या पेन्सिलीची टोकं मोडायची. म्हणून ठरवलं, एक शहर मानू. अर्ज तिथल्या नगरपालिकेला करायचा. आठ दिवसांच्या आत उत्तर मी द्यायचं, शिक्का मारून.

खैरनार: शिक्का? कसला शिक्का?

लताबाई: बटाट्याचा.

खैरनार: लताबाई, तुम्ही सरकारी मानधन घेता. आणि खोटी नगरपालिका चालवता?

मंदाबाई: खोटी कसाले? तठून उत्तर येस. तुमना ऑफिसमातून तीन सालमा एक कागद उना नही. आते सांगा, खोटी कोनती?

खैरनार: ...पाणी मिळेल का जरा?

मंदाबाई: माठ तठे शे. साहेब आपला हातनी लेतस. नियम पाच.

लताबाई: अहो, मंदाबाई! मी देते साहेब, थांबा.

खैरनार: राहू द्या. घेतो. बरं, हे नियम केले कुणी? तुम्ही?

लताबाई: नाही हो. बायांनीच. मी फक्त शुद्ध करून फळ्यावर लिहायचे. सुरुवातीला तर भरोसपुरात सगळं सोन्याचं होतं. सोन्याचे रस्ते, सोन्याचे नळ. मग पुष्पाबाई म्हणाल्या, सोन्यावरून बैल घसरतील, रस्ते आपले खडीचेच बरे. नळ रात्रीतून कुणीतरी उपटून नेईल, ते पितळेचे करा. असं महिनाभर चाललं.

मंदाबाई: तरी शहर श्रीमंतच शे हां साहेब. सकाळ-संध्याकाळ नळले पानी. गल्लोगल्ली दिवा. दुकानवाली मारवाडीन सुगनबाईले वाचनालय सांभाळाले दिधं. तिनी अर्ज करा, तठे शिडी पाहिजे, वरनं पुस्तक बी बाईमानूसना हातले लागाले पाहिजे. मंजूर! आगना बंब शे. दवाखानामा आठ खाटा, आन चूल कायम पेटेल, गरम पानीसाठे.

खैरनार: आणि नगराध्यक्ष कोण?

मंदाबाई: मी.

लताबाई: निवडणूक झाली होती साहेब. चिठ्ठ्या टाकून. ताईबाई दोन मतांनी पडल्या. दिवाळीपासून यांच्याशी बोलत नाहीत.

खैरनार: हे मात्र अगदी खऱ्या नगरपालिकेसारखं झालं!

मंदाबाई: हासनात ना? आते मना अर्जनं बोला.

खैरनार: बोलतो. ऐका बाई, खोली तयार आहे, मला मान्य. नर्सबाईंची नेमणूकही झाली आहे.

मंदाबाई: त्या मारुतीना देऊळमा बठतीस. बाया तठे पोट दाखाडाले लाजतीस.

खैरनार: तेही मान्य. पण उद्घाटन झालेलं नाही. आधी ज्यांना बोलावलं, ते निवडणुकीत पडले. दुसऱ्यांचं खातं बदललं. तिसरे यायला निघाले होते, तर त्यांचा घसा बसला. आता चौथ्यांची तारीख मागितली आहे. मी स्वतः तीन पत्रं लिहिलीत. तारीख आली की त्याच दिवशी दार उघडेल. तोवर माझ्या हातात काही नाही.

मंदाबाई: हातमा काही नही? मग पिशवीमा काय खनखनी राह्यनं?

खैरनार: ती... ती किल्ली आहे. कार्यालयाची. पाहणीला येताना बरोबर आणावी लागते.

मंदाबाई: साहेब, ही खोली कोनी बांधी, तुमले माहीत शे?

खैरनार: दुष्काळी कामातून झाली. त्र्याहत्तर साली.

मंदाबाई: आम्ही बांधी. बहात्तरना दुकायमा खडी फोडी, दगड उचला. मनी यमुनी, मोठी पोर, तीबी व्हती. सांगे, माय, आपलं बाळंतपन आठेच होई, आपलाच दगडमा. मागला आषाढमा तिले रातभर कळा. नर्सबाई देऊळमा काय करी? सांगं, एरंडोलले लई जा. गाडी जुपी. नालामा पानी व्हतं. तठेच झायं, गाडीमा. पोरगं व्हतं. रडनंच नही. दार आठे व्हतं साहेब. मना घरथीन वीस पावलं.

खैरनार: मागच्या आषाढात? म्हणजे जुलै?

मंदाबाई: तुम्ही उनात त्याना दुसरा दिन.

खैरनार: मी? मी आलो होतो?

मंदाबाई: तुम्हीच. याच सायकलवर. कुलूप दोनदा ओढीसन देखं, काही लिखं, आन गयात. मी तुमले पानी दिधं व्हतं. तव्हय माले वाचता येत नव्हतं. तुम्ही काय लिखं ते आज बी माले माहीत नही.

लताबाई: साहेब, फाईल बरोबर आहे का तुमच्या?

खैरनार: आहे.

लताबाई: मी वाचू? 'दिनांक अकरा जुलै. इमारतीची पाहणी केली. कुलूप सुस्थितीत आहे.' खाली सही, खैरनार. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच, कुलूप सुस्थितीत आहे. त्याच्याही आधी तेच.

खैरनार: ठेवा ती फाईल. ...अक्का, माले याद उनं. तुम्ही पानीसंगे गूळबी दिधा व्हता.

मंदाबाई: तुम्ही आपलं बोलतस?

खैरनार: मी नरडाणाना शे. मनी माय अशीच बोलस. ऑफिसमा हासतस म्हनीसन सोडी दिधं मी. अक्का, यमुनीनं माले कोनी सांगंच नही. नही, तसं बी नही. मी इचारंच नही. कुलूप देखं, मांघे काय शे ते देखंच नही.

मंदाबाई: तुमले बोल लावाले बलायं नही साहेब. यमुनीनं झायं ते झायं. सुपडीनं राह्यनं शे. आठ दिन, फार ते दहा.

लताबाई: साहेब, एक विचारू? तीन वर्षं पाहणी झाली, ती बाहेरून. आतून कधी केलीत?

खैरनार: आतून कशी करणार? आतून करायची तर दार उघ...

लताबाई: हो ना.

खैरनार: थांबा. थांबा जरा, विचार करू द्या. उद्घाटन मला करता येत नाही. ते पुढाऱ्यांचं काम. पण पाहणी... पाहणी माझी आहे. तिला तारीख लागत नाही, हार लागत नाही.

मंदाबाई: आन ती कितला दिन चालस?

खैरनार: 'पाहणी संपली' असं मी लिहीपर्यंत.

लताबाई: तुम्हाला त्रास होईल साहेब. वरून विचारतील.

खैरनार: विचारतील. विचारू देत. मोठ्या साहेबांचा नियम चौदाचा घाम अजून वाळला नाहीये, ते एवढ्यात काही विचारायचे नाहीत. ही घ्या किल्ली अक्का. तुमच्या भरोसपुरात उद्घाटन कोण करतं?

मंदाबाई: ज्याले पहिले गरज त्यानी. सुपडी! ओ सुपडी, उठ, हळूच ये. पाटी ठेव ती खाले. धर चाबी. लाव.

लताबाई: फिरत नाहीये का गं? जोर नको लावू तू. आण, मी बघते. नाही हो साहेब, जाम झालंय. पार गंजलंय आतून.

खैरनार: गंजलंय? तीन वर्षं सुस्थितीत लिहीत आलो मी!

मंदाबाई: सुगनबाईना दुकानमातून तेल आनू का?

खैरनार: तेलानं नाही होणार हे. एखादा दगड द्या.

मंदाबाई: हा ल्या. ओट्याखाले पडेल शे तव्हयपासून. मनाच हातना फोडेल शे.

(दगडाचे तीन ठोके. कुलूप तुटतं, साखळी खाली पडते, दार करकरतं.)

लताबाई: अगंबाई, खाटांवरचा कागदसुद्धा तसाच आहे! टेबल आहे. स्टोव्ह आहे. बघा, मोठी खिडकी आहे मागं, मला ठाऊकच नव्हती.

मंदाबाई: माले ठाऊक व्हती. तिनी चौकट धरीसन मीच उभी व्हती, गवंडी वाकडी बसाडी राह्यंता म्हनीसन. सुपडी, तू बाहेरच थांब, धूळ शे. पुष्पे, झाडू आन! पानी आना कोनी!

लताबाई: मंदाबाई, ते बघा कोण येतंय. ताईबाई. दोन्ही हातांत बादल्या.

मंदाबाई: देखं. येऊ द्या तिले. बोलूबिलू नका कोनी, आपला मननी बोली ती. ...काय गं ताई? हा, तठे ठेव. नही, मी नही रडी राह्यनू. धूळ गयी डोयामा.

खैरनार: लताबाई, नर्सबाईंना देवळातून बोलावून आणा. म्हणावं, सामान घेऊनच या. आणि मला लिहायला काहीतरी टेकण द्या, गुडघ्यावर अक्षर नीट येत नाही.

मंदाबाई: आते बठा साहेब. ही खुर्ची.

खैरनार: नियम चार?

मंदाबाई: ज्यानी काम करं त्याले बठता येस. तो आते करसूत. सतरावा.

खैरनार: मग बसतो. 'आज रोजी इमारतीची आतून पाहणी सुरू केली. खाटा दोन. त्यांची मजबुती कळावी म्हणून गावातील गरजू स्त्रियांनी त्या वापरून पाहाव्यात. नर्सबाईंनी रोज हजर राहून नोंद ठेवावी. उद्घाटनाची तारीख येईपर्यंत पाहणी चालू राहील.' कसं वाटतं?

लताबाई: भरोसपूरच्या पालिकेत चटकन लागाल तुम्ही.

खैरनार: तिथं जागा निघाली तर कळवा, अर्ज करतो. पण बाई, तुमच्या वर्गाबद्दल मी वर काय लिहू?

लताबाई: खरं तेच लिहा. मगर अजून पकडता येत नाही.

खैरनार: लिहितो. आणि हा कुलपाचा रकाना. हा भरला मी. अक्का, हा तुम्ही वाचा. मागच्या वेळेस वाचता आला नव्हता ना? आज वाचा.

मंदाबाई: तुमनं अक्षर मुंग्यासारखं शे. थांबा. 'कुलूप... निकामी झाले आहे. नवीन कुलपाची... गरज नाही.'

खैरनार: बरोबर शे ना अक्का?

मंदाबाई: बरोबर शे. पन खाले एक राह्यनं साहेब. त्याबिगर कागद चालत नही, लताबाईनी पहिलाच दिन सांगं.

खैरनार: काय राह्यनं?

मंदाबाई: तारीख. टाका, आजनी.