बारावं लाइफ जॅकेट

तुम्ही हसून राहिले, पण इंटर्नशिपच्या तिसऱ्याच दिवशी मले जेल दिसली होती. उद्यान व्यवस्थापन शिकतो म्हणून आंधळगावकडच्या तलावावर पायडलच्या बोटी माझ्या भरवशावर होत्या. लाइफ जॅकेट दिले बारा. बोटी काठाले लागल्या, लोक पांगले, जॅकेट मोजले तर अकरा!

मॅनेजर ओरडला, "बारावा माणूस कुठं आहे?"

पाणी एकदम शांत होतं. मॅनेजर बूट काढून पाण्यात उतरला, तेवढ्यात मले पलीकडच्या काठावर केशरी रंग दिसला. धावत गेलो, तर एक म्हातारी दगडावर जॅकेटले साबण लावून घासून राहिली होती.

"आजी, हे इकडं काहून आणलं?"

"घामानं भिजवलं ना बापू मी. लोकाचा कपडा बिनधुतला वापस करतात का?"